उन्हाचं पिवळं की पाण्याचं पिवळं? ड्रॅगन फ्रूटचा पहिला उन्हाळा

भाऊ, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. आधी तो थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. सांगोला तालुक्यात एक एकर, मुरमाड जमीन, साडेचारशे खांब. लागवड गेल्या जुलैतली, फांद्या आता खांबाच्या डोक्यावरच्या रिंगच्या वर पोचल्यात. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून बाग पिवळी पडायला लागली. शेजारी म्हणतो, "निवडुंगच आहे तो, वाळवंटातलं झाड, पाणी तोड." रोपं देणारा म्हणतो, "पाणी कमी पडतंय, रोज दोन तास ठिबक सोडा." तुम्ही रोज दोन तास सोडताय, तरी पिवळेपणा वाढतोच आहे आणि आता काही खांबांवर बुडाशी मऊ पडायला लागलंय. पिवळ्या फांद्या छाटू का, आणि बाग टिकेल का, असं विचारलंय.

बाग टिकेल. छाटणी आत्ता करू नका. आणि हे उत्तर पूर्ण वाचायच्या आधी मोटार चालू असेल तर बंद करून या.

माझ्या मते तुमच्या बागेत एकाच वेळी दोन वेगळी दुखणी आहेत आणि तुम्ही दोन्हींना एकच औषध देताय. वरचं पिवळं उन्हाचं आहे. बुडाचं मऊ पाण्याचं आहे. पहिलं बघून तुम्ही घाबरलात, पाणी वाढवलंत, त्यातून दुसरं उभं राहिलं. नऊ वर्षांपूर्वी मी जतला हेच केलं होतं, फक्त तुमच्याकडे निदान मुरमाड जमीन आहे. माझा पहिला प्लॉट खालच्या काळ्या रानात होता. दीडशे खांबांपैकी जुलैपर्यंत साठेक खांब हातचे गेले.

शेजाऱ्याचं म्हणणं पूर्ण चूक नाही, पण अर्धंच बरोबर आहे. ड्रॅगन फ्रूट निवडुंगाच्याच कुळातलं. पण बांधावरचा फड्या निवडुंग आणि हा, दोघांची घरं वेगळी. दोघंही मूळचे अमेरिका खंडातले, तरी फड्या उघड्या माळावर वाढलेला. ड्रॅगन फ्रूट मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या जंगलातला वेल आहे. तिथं तो मोठ्या झाडाच्या खोडाला हवेतल्या मुळांनी धरतो आणि पानांच्या गाळीव उन्हात वर चढतो. तुमच्या खांबावरच बघा, फांदीच्या पाठीतून पिवळसर मुळ्या निघून सिमेंटला चिकटल्या असतील. माळावरच्या झाडाला असल्या मुळ्यांची गरजच काय? काटेही बघा, तांदळाच्या कणीएवढे, एका डोळ्यावर, म्हणजे काटे फुटतात त्या जागी, दोन-चार. त्यांची सावली ती किती पडणार. साल पातळ, तीन धारा, पान नावाला नाही, म्हणजे अन्न बनवायचं सगळं काम त्या हिरव्या सालीनंच करायचं. ती साल भाजली की कारखानाच बंद.

इस्रायलमध्ये नेगेव्हच्या वाळवंटात बेन गुरियन विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी हे पीक बसवलं, ते शेडनेटखाली. उघड्यावर लावलं की फांद्या पांढुरक्या पडून जळत होत्या. वाळवंटातलं झाड म्हणतात आणि वाळवंटात त्याला सावली करून वाढवावं लागतं, एवढी एक गोष्ट शेजाऱ्याला सांगा. उलट व्हिएतनामच्या बागांचे व्हिडिओ बघून लोक म्हणतात, तिकडं तर सगळं उघड्यावर आहे. आहे ना, पण तिथं समुद्राची दमट हवा आहे. आपल्या मे महिन्यातली ४२ अंशांची कोरडी झळ तिथल्या झाडाला माहीत नाही.

आता पाण्याकडे येऊ. हे झाड पाणी पितं कसं, ते कळल्याशिवाय ठिबक किती सोडायचं ते कळणार नाही. आपली ज्वारी, तूर, डाळिंब दिवसा पानांची छिद्रं उघडी ठेवतात, हवा आत घेतात आणि त्याच वाटेनं पाणी बाहेर टाकतात. पाणी उडतं म्हणून पान थंड राहतं. ड्रॅगन फ्रूट याच्या उलटं वागतं. दिवसा छिद्रं मिटून बसतं आणि रात्री गारव्यात उघडतं. त्यामुळे पाणी वाचतं हा फायदा, पण भर दुपारी स्वतःला थंड करायचा रस्ताच बंद. बारा ते चार या वेळेत तुम्ही बुडाशी कितीही पाणी सोडलंत तरी वरच्या फांदीचा ताप एका अंशानं उतरत नाही. हे झाड साधारण दिवसा तीस आणि रात्री वीसच्या आसपास सगळ्यात खुशीत असतं. आपल्याकडे मेच्या रात्रीसुद्धा पंचविशीच्या आसपासच राहतात, म्हणजे रात्रीचं कामही नीट होत नाही. थोडक्यात, मे महिन्यात झाडाची भूकही कमी असते आणि तहानही तुम्हाला वाटते त्यापेक्षा कमी.

आता तुमचा हिशोब करू. ड्रिपर ताशी ४ लिटरचे आणि खांबाला दोन असतील, तर दोन तासांत खांबाला १६ लिटर पडतं. एकरभरात रोज ७,२०० लिटर. आठवड्याचे खांबाला ११२ लिटर झाले. मी याच वयाच्या बागेला, मुरमाड जमिनीत, बुडाशी पाचट असताना, मेमध्ये आठवड्यातून दोनदा खांबाला ८ ते १० लिटर देतो. म्हणजे माझं आठवड्याचं पाणी तुम्ही एका दिवसात देताय. बाकीचे सहा दिवस तुम्ही बुरशीला पाजताय.

पण माझे आकडे जसेच्या तसे घेऊ नका. मुरूम किती जाड, खाली खडक किती फुटांवर, बेड किती उंच, पाचट आहे की उघडं, यावर सगळं अवलंबून आहे. खाली कातळ असेल तर मुरमाड जमिनीतसुद्धा पाणी कातळावर तुंबतं आणि वरून माती कोरडी दिसत राहते. म्हणून आकड्यापेक्षा हात वापरा. याची मुळं उथळ असतात, बहुतेक वरच्या वीतभर थरात. ड्रिपरपासून वीतभर बाजूला चार बोटं खोल माती उकरा आणि मुठीत दाबा. लाडू वळला आणि बोटाला ओल लागली तर पाणी नको. लाडू वळून टोचल्याबरोबर फुटला तर वाफसा आहे, उद्या-परवा द्या. मुठीतून भुसभुशीत गळून गेली तर आज द्या. दहा ठिकाणी बघा. एकाच खांबाजवळ बघून साऱ्या रानाचा निर्णय घेऊ नका.

वेळ संध्याकाळची ठेवा, सात-साडेसातनंतर, किंवा अगदी पहाटे. दुपारी ठिबक सोडून लॅटरलच्या, म्हणजे ओळीतल्या नळीच्या, पहिल्या ड्रिपरखाली हात धरून बघा. काळ्या नळीत उन्हात तापलेलं ते पहिलं पाणी हाताला चटका देतं, आणि नेमकं तेच मुळांवर पडतं. झाडाची खरी पाळी रात्रीची, तर पाणीही रात्रीच्या तोंडावर मिळावं. लोडशेडिंगमुळे लाईट दुपारचीच असेल तर काय करायचं, हे तुम्ही विचारणारच. टाकी किंवा शेततळं असेल तर दुपारी भरून घ्या आणि रात्री उतारानं सोडा. तेही नसेल तर दुपारचं द्या, पण आठवड्यातून दोनदाच.

आता कुठलं पिवळं कशाचं, ते ओळखायला शिका. यात चूक झाली तर पुढचं सगळं चुकतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सकाळी लवकर बागेत जा. एका पिवळ्या फांदीच्या तिन्ही बाजू बघा. उन्हानं भाजलेली फांदी सगळीकडून सारखी पिवळी नसते. दक्षिणेकडची आणि पश्चिमेकडची बाजू पिवळी, आणि खांबाकडची किंवा दुसऱ्या फांदीच्या सावलीतली बाजू हिरवी. कधी कधी वरच्या फांदीच्या सावलीची रेघ खालच्या फांदीवर हिरव्या पट्ट्यासारखी उमटलेली दिसते. अशी रेघ दिसली की शंकाच उरत नाही. अंगठ्यानं दाबा, फांदी घट्ट लागेल. पुढं पिवळ्याचं पांढुरकं होतं, मग खपली धरल्यासारखं तपकिरी.

पाण्याचं पिवळं बुडातून वर चढतं. रंग मळकट, तेलकट डाग पडल्यासारखा. दाबलं की अंगठा आत जातो, आतून पाणी येतं आणि कुजक्या कांद्यासारखा वास येतो. तिथं मुंगळे लागलेले असतात. लोक मुंगळ्यांना दोष देऊन पावडर टाकतात, पण मुंगळे सडक्याकडे आलेले असतात, सड त्यांनी आणलेली नसते.

तहानलेली फांदी याहून वेगळी. ती बारीक होते, धारा पातळ आणि सुरकुतलेल्या, रंग निस्तेज हिरवा. पिवळीजर्द होत नाही. अशी फांदी पाणी दिल्यावर तीन-चार दिवसांत पुन्हा भरते. आणि उपाशी बाग सगळीकडून सारखी फिकट दिसते, नवे फुटवे पेन्सिलीसारखे लांब आणि बारीक. वर्षाच्या बागेला शेणखत घातलेलं असेल तर ही शक्यता मी शेवटी धरीन.

आणखी एक आहे, त्याची आत्ताच ओळख करून घ्या. फांदीवर बारीक, दबलेले, फिकट नारिंगी ठिपके, जे नंतर उंचवटलेल्या तांबूस खपल्या होतात, तो खोडावरचा कॅन्कर, बुरशीचा रोग. तो उन्हात सुरू झालेला नसतो, पण उन्हानं भाजलेल्या सालीत सहज शिरतो. तुम्ही पाठवलेल्या वर्णनात ठिपक्यांचा उल्लेख नाही, तरी बघून घ्या.

आता सावली. तुमच्या बागेत ऊन सगळ्यात जास्त कुठं लागतंय? रिंगवर, जिथं फांद्या वळून खाली लोंबायला लागतात तिथं. यालाही कारण आहे. आपल्या भागात मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, काठीची सावली काठीच्या पायाशीच पडते. शाळेतली मुलं शून्य सावलीचा दिवस म्हणून तो बघतात. त्या दिवसांत उभ्या फांदीला ऊन तिरकं लागतं, पण रिंगवरच्या आडव्या वळणाला सरळ वरून. जुन्या बागेत तिथं फांद्यांची छत्री झालेली असते, वरच्या चार फांद्या भाजतात आणि खालच्या चाळीस वाचतात. तुमच्याकडे अजून छत्रीच नाही, खांबाला मोजून चार-सहा फांद्या, त्याही सगळ्या उघड्या. म्हणून पहिला उन्हाळा सगळ्यात वाईट, दुसरा त्याहून बरा, आणि तिसऱ्या वर्षापासून बाग स्वतःची सावली स्वतः करते.

वर रिंगसाठी जुनं टायर वापरलंय का? असेल तर त्याला हात लावून बघा दुपारी दोनला. काळं रबर आणि त्यावर टेकलेली कोवळी फांदी, भाजायला आणखी काय हवं. फांदी जिथं रिंगला घासते तिथं मी ठिबकच्या जुन्या नळीचे वीतभर तुकडे उभे चिरून रिंगवर चढवतो आणि त्यावर पाचटाची जुडी बांधतो. तुकड्यांना खर्च शून्य. वाऱ्यानं फांदी घासून साल सोलते तेही थांबतं.

या आठवड्यात करता येईल असं काय? जुन्या साड्या. हसू नका. डाळिंबवाले उन्हापासून फळ वाचवायला साड्याच वापरतात, आपल्याकडे आठवडी बाजारात गठ्ठ्यानं मिळतात. फिकट रंगाची, सुती किंवा पातळ साडी, खांबाच्या डोक्यावरून टाकून दक्षिण-पश्चिमेकडे जरा जास्त लोंबती ठेवायची आणि सुतळीनं दोन ठिकाणी बांधायची. घट्ट गुंडाळू नका, आत वारा खेळला पाहिजे. गडद रंगाची, जाड, नायलॉनची घेतलीत तर आत भट्टी होते. एका साडीचे तीन तुकडे केले की तीन खांब झाकतात. साडेचारशे खांबांना दीडशे साड्या लागतील, दोन माणसांचं तीन-चार दिवसांचं काम. पहिला जोराचा पाऊस झाला की काढून टाकायच्या, कारण ओली साडी फांदीला चिकटून राहिली की तीच सडवते.

केओलिनची फवारणीही चालते. पांढरी माती असते ती, लिटरला ५० ग्रॅम, सोबत स्टिकर (फवारा चिकटून राहावा म्हणून घालतात ते द्रव्य), फवारा संध्याकाळी. फांदीवर चुना लावल्यासारखा पातळ थर बसतो आणि ऊन परावर्तित होतं. मी मार्चअखेर एक आणि एप्रिलअखेर एक असे दोन हात मारतो. वळीव पडला की धुऊन जातं, पुन्हा मारावं लागतं. ढवळत राहा, नाहीतर पंपाच्या तळाशी गाळ बसून नोझल तुंबतं आणि गडी वैतागतो. जी साल आधीच भाजली ती केओलिननं हिरवी होणार नाही, पण उरलेली वाचेल.

शेडनेटबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. तीस-पस्तीस टक्के ऊन अडवणारं जाळं उत्तम, पण ते उभारायला खांब, तारा, मजुरी, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये वळवाच्या आधी जे वादळ येतं त्यात एकरभर जाळं शिडासारखं फुगतं. माझ्या एका पाहुण्यांचं जाळं खांबांसकट शेजारच्या उसात जाऊन पडलं. करायचंच तर फक्त उन्हाळ्याच्या तीन महिन्यांसाठी करा, आणि पन्नास किंवा पंच्याहत्तर टक्क्यांचं स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका. एवढ्या अंधारात फांद्या लांबट, लुसलुशीत होतात, फुलं कमी लागतात, आणि जाळं काढल्यावर पुन्हा भाजतात.

मला स्वतःला शेवगा पटतो. येत्या पावसाळ्यात ओळींच्या मध्ये नाही, तर प्लॉटच्या पश्चिम आणि दक्षिण बाजूनं, आणि आत दर पाचव्या-सहाव्या ओळीत अंतरानं लावा. पुढच्या मार्चपर्यंत डोक्याच्या वर जातो, सावली विरळ पडते, जूनमध्ये छाटून मोकळा करता येतो, शेंगा घरात आणि बाजारात. दाट लावलात तर मात्र तोच मालक होतो, ड्रॅगन फ्रूट कूळ. हादगा आणखी लवकर वाढतो, पण वाऱ्यानं मोडतो.

बुडाशी उसाचं पाचट किंवा गवत चार बोटं जाड पसरा, खोडापासून मात्र वीतभर जागा मोकळी सोडून. पाचट खोडाला टेकवलं की तिथं ओल धरते आणि सड सुरू होते. ओळींमधलं गवत मेमध्ये खुरपून रान चकचकीत करू नका. उघडा पांढरा मुरूम खालून ऊन फेकतो. गवत फक्त कापा.

आता मऊ पडलेले खांब. पाणी आजच बंद, पूर्ण बागेचं, निदान सहा-सात दिवस. त्यानंतर मुठीतला लाडू बघून ठरवा. मऊ झालेल्या बुडाची सडकी साल चाकूनं खरवडून काढा. आत पेन्सिलएवढी जाड, लाकडासारखी काडी लागेल. बहुतेक लोक इथं हात झटकतात, झाड गेलं म्हणतात. ती काडी पांढरी-पिवळसर आणि टणक असेल तर झाड जिवंत आहे. मांस गळून नुसत्या काडीवर उभी असलेली आणि वरून हिरवी, फळ धरणारी झाडं माझ्याकडे आजही आहेत. खांबाला धरलेल्या हवेतल्या मुळ्या त्यांना मदत करतात. काडीच तपकिरी झाली असेल तर वरची निरोगी फांदी तोडून घ्या, सावलीत आठ-दहा दिवस कापलेलं तोंड सुकू द्या आणि पावसाळ्यात पुन्हा लावा.

खरवडलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावायची: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. मोरचूद एका प्लास्टिकच्या बादलीत आणि चुना दुसऱ्या बादलीत वेगवेगळा भिजवायचा, मग दोन्ही एकत्र ओतायचं. लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं नको. झालं की विळ्याचं घासलेलं पातं मिनिटभर त्यात बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, आणखी घाला. पातं स्वच्छ राहिलं तर लावायला तयार. त्याच दिवशी वापरा. चाकू प्रत्येक झाडानंतर स्पिरिटनं पुसा, आणि सडके तुकडे बांधावर फेकू नका, खड्ड्यात पुरा किंवा जाळा.

पिवळ्या फांद्या का छाटायच्या नाहीत, ते आता लक्षात आलं असेल. ती पिवळी फांदी आज खालच्या फांदीची छत्री आहे. ती काढली की कालपर्यंत सावलीत असलेली, उन्हाची सवय नसलेली फांदी एकदम उघडी पडते आणि चार दिवसांत तीही पिवळी. दुसरं म्हणजे घट्ट पिवळी फांदी मेलेली नसते. ढगाळ हवा आली, जुलै-ऑगस्टचा पाऊस झाला की बहुतेक पुन्हा हिरव्या होतात. ज्यांची साल पांढरी होऊन करकरीत वाळली तो तुकडा परत येत नाही, पण त्याच फांदीच्या पलीकडच्या धारेवर फुटवा येतो.

खत आत्ता काही नको. युरिया तर मुळीच नको, कोवळा फुटवा येईल आणि तोच पहिला भाजेल. बोअरचं पाणी मचूळ असेल आणि ड्रिपरभोवती पांढरा थर साठत असेल, तर तेही एक कारण मागं असू शकतं. पाणी तपासून घ्या.

सगळ्यात जास्त भीती मला उन्हाची नाही, वळवाची वाटते. भाजलेली साल म्हणजे उघडी जखम. मेच्या शेवटी किंवा रोहिणीत एखादा धुवांधार पाऊस पडतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा कडक ऊन, आणि त्या दमट उकाड्यात आठवडाभरात पिवळ्या फांद्या मऊ पडत जातात. लोक म्हणतात पावसानं बाग गेली. ती उन्हात गेलेली असते, पाऊस फक्त दाखवून देतो. म्हणून पाऊस पडायच्या आधी बेडच्या कडेचे चर मोकळे करून ठेवा आणि पहिला पाऊस उघडला की दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी एक टक्का बोर्डो फवारा: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. पाऊस पडलाय म्हणून ठिबक बंद ठेवायचं हे वेगळं सांगायला नको, पण टायमर लावून गावाला जाणारी माणसं मी बघितलीत.

तुम्ही लावलेलं रोप सावलीतल्या वाफ्यातून आलं होतं का, हे विचारायचं राहिलं. जुलैत लावलंत ते बरं केलंत. उन्हाळ्याआधी आठ महिने तरी मिळाले. फेब्रुवारी-मार्चमध्ये रोपं स्वस्त मिळतात म्हणून लावणारे दर वर्षी भेटतात, आणि मेमध्ये त्यांचे फोन येतात. कुठली जात घ्यायची, लाल गराची की पांढऱ्या, तेही तुम्ही शेवटी विचारलंय. बाजारात लाल गराला जरा भाव चढा मिळतो, मी तीच लावलीय, पण पहिल्या उन्हाळ्यात वाचवायला जात उपयोगी पडत नाही. गुजरात सरकारनं २०२१ मध्ये याचं नाव कमलम ठेवलं तेव्हा आमच्याकडे रोपांची मागणी एकदम वाढली होती. त्यातल्या किती बागा काळ्या रानात लागल्या ते मी मोजलं नाही.

तुम्हाला प्रत्यक्ष बघायचं असेल तर बारामतीजवळ माळेगावला केंद्र सरकारची अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. आपल्यासारख्याच उथळ, मुरमाड, खडकाळ जमिनीवर त्यांनी ड्रॅगन फ्रूटवर काम केलंय. सांगोल्याहून एका दिवसात जाऊन येता येतं. जाल तर मे महिन्यातच जा. पावसाळ्यात सगळ्यांच्याच बागा हिरव्या दिसतात.

आणि एक करा. आजच बागेत फिरून दहा खांब निवडा, पाच सगळ्यात पिवळे आणि पाच मधले, त्यांना लाल सुतळी बांधा. मोबाईलवर प्रत्येकाचा पश्चिमेकडून एक फोटो काढा, सकाळच्या उजेडात. पुन्हा तिथंच उभं राहून पोळ्याच्या आसपास फोटो काढा आणि मला दोन्ही दाखवा. मऊ पडलेल्या खांबांचे फोटो मात्र उद्याच पाठवा, साल खरवडल्यानंतरचे, आतली काडी दिसेल असे.